पत्र्यासाठी पडदा: सोलापुरात घरनिधीचा चित्रपट महोत्सव कसा भरवायचा

महोत्सव भरवायचं ठरलं की पहिल्या बैठकीत सगळे चित्रपटांची नावं सांगायला लागतात. दोन तास जातात, चहा दोनदा होतो आणि पैसे नेमके कशासाठी जमवायचे, हा प्रश्न ‘ते बघू नंतर’ म्हणून मागे पडतो. आमचंही पहिल्या खेपेला असंच झालं होतं. म्हणून सांगतो, पहिल्या बैठकीत चित्रपटाचं नावच काढू नका. छपराबद्दल बोला.

सोलापूरला कष्टकऱ्यांच्या घरांचं मोठं काम नवं नाही. विडी कामगार महिलांसाठी शहराजवळच्या कुंभारीला १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. त्याच कुंभारीत असंघटित कामगारांसाठी रे नगरचा ३०,००० घरांचा प्रकल्प आला आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यातल्या १५,००० घरांचं लोकार्पण झालं. या आकड्यांपुढे आपल्या महोत्सवातून जमणारे लाख-दीड लाख म्हणजे दर्यामें खसखस. त्यात एक घर उभं राहणार नाही. पण घर मिळण्याच्या, किंवा आहे ते टिकण्याच्या वाटेत एखादी छोटी फट असते, काही हजारांची, आणि तिच्यात अख्खं कुटुंब अडकून पडतं. महोत्सवाचा पैसा त्या फटीत घालायचा असतो.

कुठल्या फटी, ते वस्तीत गेल्यावर कळतं. भाड्याची खोली बदलायची तर नवं डिपॉझिट आधी द्यावं लागतं आणि जुनं परत मिळायला महिने लागतात. पावसाळ्याआधी पत्रे बदलायचे असतात, तर घरातला पैसा मुलांच्या फीला गेलेला असतो. पंतप्रधान आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला शहरात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असे अडीच लाख मिळतात. पण ते बांधकामाच्या टप्प्यानुसार, जागेवर फोटो आणि जिओ टॅगिंग (फोटोसोबत ठिकाणाची नोंद) झाल्यावर. पाया घातल्याशिवाय हप्ता नाही, आणि हातात हप्ता नाही म्हणून पाया नाही. कधी अडतं ते फक्त कागदावर: मयत सासऱ्याच्या नावावरची जागा, न झालेली वारस नोंद, प्रतिज्ञापत्रांचा खर्च.

यातली एकच फट निवडा. ‘गरजूंना घरासाठी मदत’ असं फलकावर लिहिलं की देणारा मान डोलावतो आणि पुढे जातो. ‘अमुक वस्तीतल्या २० घरांचे पत्रे जूनच्या आत’ असं लिहिलं की तो थांबतो आणि विचारतो, एका घराला किती लागतात? तिथून संभाषण सुरू होतं. पत्रे, अँगल, जे-हूक आणि मजुरी यांचं खरं दरपत्रक दोन हार्डवेअर दुकानांतून लेखी आणा. त्यावरून एका घराचा आकडा काढा. महोत्सवाचं उद्दिष्ट म्हणजे तो आकडा गुणिले घरं. उलट दिशेनं, म्हणजे जेवढे जमतील तेवढे वाटू, असं करू नका. त्यात शेवटी प्रत्येकाला दोन-दोन हजार जातात आणि कुणाचंच छप्पर होत नाही.

तिकिटात पैसा नसतो

हे वाक्य कार्यकर्त्यांना पचत नाही, म्हणून हिशेबच मांडतो. समजा सभागृह २५० खुर्च्यांचं आहे, दोन दिवस आणि रोज तीन खेळ. एकूण १,५०० खुर्च्या झाल्या. नव्या महोत्सवाला निम्म्या भरल्या तरी देव पावला म्हणायचं. ७५० तिकिटं, ८० रुपयांनी, म्हणजे ६०,००० रुपये. आता यातून सभागृहाचं भाडं, प्रोजेक्टर, ध्वनी, जनरेटर, चित्रपटांचं प्रदर्शन शुल्क, छपाई आणि पोरांचं जेवण वजा करा. उरतं ते शून्याच्या आसपास.

म्हणून सुरुवातीपासून दोन वह्या ठेवा. एक महोत्सवाची: तिकीट, स्टॉलचं भाडं आणि स्मरणिकेच्या जाहिराती जमेला, सगळा खर्च नावे. दुसरी घरनिधीची: यात फक्त देणग्या, आणि यातून खर्च फक्त छपरांवर. चहाचा एक कपसुद्धा दुसऱ्या वहीतून जाऊ द्यायचा नाही. मग तुम्ही देणगीदाराला छातीठोक सांगू शकता की तुमचे शंभरातले शंभर पत्र्याला जातात. निधी उभा राहतो तो या वाक्यावर. वर धरलेल्या महोत्सवाला एकेका घराच्या पत्र्यांचा खर्च उचलणारे वीस यजमान मिळाले की काम झालं, मग खुर्च्या निम्म्या भरोत.

महोत्सवाची वही तोट्यात जाणार असेल तर तो तोटा कोण सोसणार, हेही आधीच लिहून ठेवा. आमच्या वेळी लिहिलं नव्हतं. फुकट पासांनी घात केला: ज्यानं त्यानं दहा-दहा पास नेले, पुढच्या दोन रांगा मान्यवरांसाठी राखल्या, मान्यवर दीपप्रज्वलन करून उठले आणि तिकीट काढून आलेली माणसं मागून रिकाम्या सोफ्यांकडे बघत बसली. वर जो खड्डा पडला तो चौघांनी खिशातून भरला. आता नियम असा की पास फक्त वस्तीतल्या कुटुंबांना आणि चित्रपट करणाऱ्यांना. बाकी पाहुणा कितीही मोठा असो, तिकीट.

खातं, पावती, परवानगी

पैसा कुणाच्या व्यक्तिगत खात्यावर किंवा क्यूआर कोडवर घेऊ नका, अगदी दोन दिवसांसाठीही नाही. माणूस कितीही सचोटीचा असला तरी संशय फुकट मिळतो. एखादी नोंदणीकृत संस्था किंवा न्यास सोबत घ्या. घरनिधीसाठी तिचं वेगळं खातं उघडा आणि दोन सह्यांशिवाय पैसा निघणार नाही अशी सूचना बँकेत द्या.

तुमचा गट नोंदणीकृत न्यास नसेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ सी प्रमाणे देणगी गोळा करण्यासाठी धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे जावं लागतं. गणेश मंडळं वर्गणीसाठी जी परवानगी घेतात तीच ही, त्यामुळे गल्लीतल्या मंडळाच्या खजिनदाराला सगळे कागद तोंडपाठ असतात. त्याला चहाला बोलवा, सनदी लेखापालाआधी.

संस्थेकडे आयकराची ८०जी नोंदणी असेल तर देणगीदाराला करसवलत मिळू शकते (नवी करप्रणाली घेतलेल्याला नाही), पण २,००० रुपयांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत. तिकिटाची रक्कमही देणगी नसते, कारण तिच्या बदल्यात त्यानं चित्रपट पाहिला. पावतीपुस्तकं वेगळी, रंगसुद्धा वेगळे ठेवा. अमेरिकेतला मामेभाऊ पैसे पाठवतो म्हणाला तर आधी विचारा, पासपोर्ट भारताचा आहे की तिकडचा? परदेशी नागरिकाचा पैसा विदेशी अंशदान कायद्यात येतो आणि त्या नोंदणीशिवाय घेता येत नाही. भारतीय नागरिकानं स्वतःच्या बचतीतून दिलेला चालतो.

तारीख

एप्रिल-मे विसरा. चाळीस-बेचाळीस डिग्रीत दुपारच्या खेळाला सोलापुरात कुत्रंही बाहेर पडत नाही. जानेवारीत १२ तारखेला हुतात्मा दिन आणि लगेच सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा. त्या गर्दीत तुमचा फलक कुणाला दिसणार? डिसेंबरचा पहिला किंवा दुसरा शनिवार-रविवार मला सगळ्यात बरा वाटतो. थंडी सुखाची असते, आणि जमलेला पैसा पावसाळ्याआधी छपरावर चढवायला पाच महिने हाताशी राहतात.

खेळाच्या वेळा ठरवताना शहराच्या पूर्व भागातल्या कामगार वस्तीत चार घरांत विचारून या. विड्या वळणाऱ्या बायकांची घरकामातून सुटका दुपारी एक-दीडनंतर होते. यंत्रमागावरच्या माणसाची पाळी कधी सुटते त्यावर त्याचा खेळ ठरतो. ज्यांच्यासाठी निधी जमवतोय त्यांनाच येता येणार नाही अशा वेळी खेळ लावणारे महोत्सव मी पाहिलेत.

चित्रपट, आणि तो दाखवायचा हक्क

इथे सगळ्यात जास्त गाडं अडतं, म्हणून सावकाश वाचा.

घरच्या ओटीटीच्या खात्यावरून किंवा यूट्यूबवरून मोठ्या पडद्यावर लावणं हा हक्कभंग आहे. वर्गणी घरात पाहण्यासाठी असते. ‘चॅरिटीसाठी आहे, कोण विचारतंय’ हे उत्तर चालत नाही. उलट तिकीट लावलं, फलक लावले, पेपरात बातमी आली की विचारणारा हमखास भेटतो. निर्माता किंवा वितरकाला संस्थेच्या लेटरहेडवर पत्र लिहा: किती खेळ, किती खुर्च्या, तिकीट किती, निधी कशासाठी. मराठी निर्माते अशा पत्राला बऱ्याचदा चांगलं उत्तर देतात, काही शुल्क सोडतात, काही नाममात्र घेतात. पण होकार लेखीच घ्या. फोनवरचा होकार निर्मात्याचा असतो आणि हक्क तिसऱ्याच कंपनीला विकलेले निघतात.

जुना चित्रपट म्हणजे फुकट, असंही नाही. सोलापूरचंच उदाहरण घेऊ. इथल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर व्ही. शांताराम यांनी केलेला ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ १९४६ चा. आपल्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो, म्हणजे याचा २००६ अखेर संपला. पण त्याची कथा ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरची. लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो आणि अब्बास गेले १९८७ मध्ये. गाण्यांचं गणित आणखी वेगळं. शिवाय चांगली प्रत कुणाकडे तरी असते आणि ती मागावीच लागते. पुण्याचा राष्ट्रीय चित्रपट संग्रह आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात आहे. जुन्या चित्रपटांसाठी आणि पूर्वीच्या फिल्म्स डिव्हिजनच्या माहितीपटांसाठी पत्र तिकडे जातं. ते लवकर लिहा, तीन महिने आधी.

हक्क मिळाला की दुसरी पायरी सेन्सॉरची. जाहीर खेळाला सेन्सॉर प्रमाणपत्र लागतंच. मोठ्या चित्रपटांकडे ते असतं, त्याची प्रत मागून घ्या. आता ‘यूए’चे (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनानं पाहायचे) ७+, १३+ आणि १६+ असे तीन प्रकार झालेत, तेही वेळापत्रकावर छापा. अडचण येते स्थानिक पोरांच्या लघुपटांची. जिल्ह्यात जेऊरच्या नागराज मंजुळेंनंतर गावागावातली पोरं मोबाईलवर का होईना चित्रपट करतात, आणि त्यांच्याकडे प्रमाणपत्र नसतं. महोत्सवांना माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून त्यातून सूट मिळू शकते. पण ती सूट व्यापारी नसलेल्या, नोंदणी केलेल्या प्रतिनिधींपुरत्या महोत्सवासाठी असते. निवड समिती, चित्रपटांची यादी आणि प्रत्येकाचा सारांश जोडावा लागतो. तिकीट लावून निधी जमवणं आणि ही सूट मागणं एकाच ताटात वाढू नका. प्रमाणपत्र असलेले चित्रपट तिकिटावर ठेवा. लघुपटांचं सत्र वेगळं करा: सूट घेऊन, नोंदणी करून, तिकिटाशिवाय. त्या सत्राला पोरांची आई-मावशी-मित्र धरून सभागृह भरतं आणि दारातली देणगीपेटी तेव्हाच सगळ्यात जड होते, हा अनुभव आहे.

निवड करताना मनाला न पटणारी एक गोष्ट स्वीकारा: घरांच्या निधीसाठीच्या महोत्सवात घरांच्या दुःखाचेच चित्रपट नकोत. वस्तीतली बाई रविवारी दुपारी स्वतःचं गळकं छप्पर पडद्यावर बघायला येणार नाही. एक हसवणारा, एक लहान मुलांचा, एक जुन्या गाण्यांचा आणि एक असा की लोक बाहेर येऊन वाद घालतील. इथे तेलुगू आणि कन्नड घराघरात बोलतात, तेव्हा सहापैकी एक तरी खेळ तेलुगूचा ठेवाच. उपशीर्षकं मराठीत हवीत हे खरं, पण अनेक आज्यांना ती पळत्या पडद्यावर वाचता येत नाहीत. त्यांच्या भाषेतला चित्रपट हाच त्यावर उपाय.

जागा आणि पडदा

तीन पर्याय. पहिला, चित्रपटगृहाचा सकाळचा अख्खा खेळ घ्यायचा: पडदा, ध्वनी, परवाना सगळं तयार, पण चित्रपट डीसीपी (चित्रपटगृहात चालणारी डिजिटल प्रत) स्वरूपात हवा आणि कुलूपबंद असेल तर त्या खेळाची डिजिटल किल्ली वेळेवर यायला हवी. दुसरा, हुतात्मा स्मृती मंदिर किंवा फडकुले सभागृहासारखी जागा. ही गावाच्या ओळखीची, पण तारीख महिनोन्‌महिने आधी धरावी लागते आणि पडद्याची सोय आपली आपण. ज्या जागेला चित्रपटाचा परवाना नाही तिथे खेळ करायचा तर पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत लेखी विचारून मगच तिकीट छापा. तिसरा, वस्तीतलं मैदान. मला मनापासून हाच आवडतो, पण उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही. डिसेंबरमध्ये सहाला सूर्य मावळतो, पडदा दिसण्याइतका अंधार पावणेसातला होतो, म्हणजे एकच चित्रपट बसतो. एकच लावा.

प्रोजेक्टर भाड्यानं घेताना ‘एचडी आहे ओ’ एवढ्यावर समाधान मानू नका. तो किती ल्युमेनचा, म्हणजे किती उजेडाचा, ते विचारा. अडीचशे माणसांच्या सभागृहाला ५,००० च्या खाली घेऊ नका. लग्नात फोटो दाखवायचे प्रोजेक्टर असतात ते इथे फिके पडतात. अंतर मोजा: थ्रो रेशो (प्रोजेक्टरचं अंतर पडद्याच्या रुंदीच्या किती पट) १.५ असेल तर १६ फूट रुंद पडद्यासाठी प्रोजेक्टर २४ फुटांवर येणार, आणि तिथे नेमकी मधली रांग असते. तेवढ्या खुर्च्या विकायच्या नाहीत. एचडीएमआयची साधी वायर १५ मीटरच्या पुढे दगा देते.

ध्वनी मंडपवाल्याकडून घेतला तर तो भाषणासाठी लावून देतो. चित्रपटातलं कुजबुजणं त्यात ऐकू येत नाही. आदल्या रात्री प्रत्येक चित्रपटाची पहिली दहा मिनिटं, मधली पाच आणि शेवटची पाच त्याच लॅपटॉपवरून, त्याच पडद्यावर लावून बघा, आणि शेवटच्या रांगेत बसून ऐका. लॅपटॉपवरची व्हॉट्सॲपची खिडकी बंद. दुसरा लॅपटॉप भरून तयार. जनरेटर असला तरी दिवे जाणं आणि तो सुरू होणं यामधल्या अर्ध्या मिनिटासाठी प्रोजेक्टर यूपीएसवर ठेवा, नाहीतर दिवा गरम असतानाच पंखा बंद पडतो आणि भाड्याच्या प्रोजेक्टरचा दिवा तुमच्या बोकांडी बसतो.

मध्यंतरात वाजवायच्या गाण्यांनाही परवाना लागतो. सोपा उपाय, हलगी किंवा संबळ वाजवणारा एक कलाकार बोलवा, त्याला मानधन द्या.

विकणं

पोस्टर समाजमाध्यमांवर टाकून ‘झालं’ म्हणू नका. तिकीट हातानं विकलं जातं. महिला बचत गट, कॉलेजची चित्रपटप्रेमी पोरं, सोसायट्यांचे सचिव, प्रत्येकाला २५ तिकिटांचं एक पुस्तक आणि परत करायची तारीख. न विकलेलं परत आलंच पाहिजे. शहरातल्या जुळे सोलापूर आणि होटगी रोड भागात तिकीट खपतं, पूर्व भागातून गर्दी येते. दोन्हीकडे वेगळी माणसं लावा.

यजमान मिळवायला जाताना कंपनीचा लोगो पडद्यावर फिरवू, असं सांगू नका. चादर-टॉवेलच्या कारखानदाराला, हॉटेलवाल्याला, बिल्डरला ते दरपत्रक दाखवा आणि म्हणा, ‘शेठ, एका घराचे पत्रे तुमच्याकडून.’ आकडा छोटा, वस्तू डोळ्यांसमोर येते, नाही म्हणायला जड जातं. ज्याच्याकडे रोकड अडकलेली आहे तो चादरी देईल. त्यांचा मध्यंतरात लिलाव करा. खाण्याचे स्टॉल वस्तीतल्या बायकांनाच द्या: कडक भाकरी, शेंगा चटणी, डिस्को भजी. भाडं घेऊ नका, विक्री त्यांची त्यांना.

आणि एक ठाम गोष्ट. मदत मिळणाऱ्या कुटुंबाला मंचावर बोलावून मोठा खोटा धनादेश हातात देऊ नका. त्यांचे फोटो नकोत, नावं नकोत. देणगीदाराला फोटो हवा असेल तर नव्या पत्र्याचा द्या.

वाटप

निवड महोत्सवानंतर नव्हे, आधी झालेली असावी. पाच जणांची समिती पुरते: दोन वस्तीतले, एक शिक्षिका किंवा आशाताई, एक बांधकाम समजणारा, एक हिशेबाचा. आयोजकांपैकी कुणाचा नातेवाईक यादीत आला तर त्यानं त्या दिवशी बैठकीत बसायचं नाही. भाडेकरूच्या घरावर पत्रे घालणार असाल तर घरमालकाकडून आधी लिहून घ्या की अमुक काळ भाडं वाढवणार नाही आणि घर खाली करायला सांगणार नाही. नाहीतर तुम्ही मालकाचं घर दुरुस्त करून दिलं आणि भाडेकरू बाहेर, असं होतं. डिपॉझिटसाठी मदत करत असाल तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृत हवा; भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे तो नोंदवायची जबाबदारी मालकाची असते. नोटरीच्या कागदावर भागवू नका.

पैसा कुटुंबाच्या हातात रोख देण्यापेक्षा हार्डवेअर दुकानाच्या किंवा घरमालकाच्या खात्यावर द्या, पण पत्र्याचा रंग आणि मिस्त्री कुटुंबानंच निवडायचा. घरकुलाच्या हप्त्याआधी पायासाठी रक्कम देत असाल तर ती बिनव्याजी, हप्ता आला की परत, आणि पुढच्या कुटुंबाला. हे संस्थेच्या घटनेत बसतं का, ते मात्र आधी लेखापालाला विचारा.

दोन्ही वह्यांचा हिशेब महोत्सवानंतर महिन्याच्या आत, एका पानावर, मोठ्या अक्षरात छापा. एक प्रत सभागृहाच्या फलकावर, एक प्रत्येक यजमानाला, आणि एक वस्तीतल्या किराणा दुकानाच्या दारावर, तेलुगूतही. जूनचा पहिला मोठा पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी वीसच्या वीस घरी जा आणि आतून, वर बघत, कुठे गळतंय ते लिहून आणा. हूकच्या भोकातून हमखास गळतं. वॉशर आणि डांबराचे पैसे घरनिधीत मागे ठेवलेले असू द्या.